काकूंची बॅच फाईल

आमच्या ऑफिसातल्या काकू संगणकाच्या काचेला फूटपट्टी लावायच्या. शाळेतली पिवळी लाकडी पट्टी, एका टोकाला त्यांच्या मुलीने लहानपणी चावलेली. पडद्यावर नावं आणि आकडे पसरलेले असायचे, मध्ये कुठे तीन जागा मोकळ्या, कुठे तेरा. काकू चष्मा कपाळावर चढवायच्या, पट्टी काचेवर उभी धरायच्या, एक डोळा मिटायच्या आणि म्हणायच्या, “बघ, इथून वाकडं झालंय.”

तुम्हीही कुठल्या ना कुठल्या ऑफिसात असं एखादं माणूस पाहिलं असेल. ज्या कामाला सगळे नाक मुरडतात ते काम फिरून फिरून याच्याच टेबलावर येऊन पडतं. हे माणूस ते मुकाट्याने करतं असं मात्र समजू नका. काकू तर भरपूर कुरकुर करायच्या. सकाळचा पहिला अर्धा तास त्या संगणकाला ‘मेल्या’ आणि ‘टोणग्या’ म्हणण्यात घालवायच्या. त्यांचं ऐकून आमचा पंजाबी एच.आर. मॅनेजरही अडलेल्या प्रिंटरला ‘मेल्या’ म्हणायला शिकला होता.

गुरुग्रामला तेव्हा गुडगावच म्हणत. काचेच्या इमारती उठत होत्या, त्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत म्हशी बसत होत्या, आणि धुळीने सगळ्यांचे बूट एकाच रंगाचे दिसत होते. आमची कंपनी परदेशातल्या विमा कंपन्यांचे अर्ज संगणकात भरून द्यायची. मी पुण्याहून नवीन नवीन आलो होतो, दिल्लीच्या द्वारका भागात तिघांबरोबर फ्लॅट घेऊन राहत होतो आणि आपल्याला बरंच काही येतं अशा समजुतीत होतो. पहिल्या दिवशी कुणीतरी माझी काकूंशी गाठ घालून दिली. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

“पुण्याचा का? मग काय, तुला सगळं येतच असेल.”

त्या स्वतः गिरगावातल्या. नवरा केंद्र सरकारात, बदली होऊन दिल्लीला आला तो इथलाच झाला. मयूर विहारच्या सोसायटीत त्यांचा फ्लॅट होता. मेट्रो यायची होती. रोज चार्टर्ड बसने पूर्वेच्या टोकाहून गुडगावपर्यंत यायच्या, ठरलेली सीट, ठरलेल्या शेजारणी. थंडीत त्या बसमध्ये सगळ्या बायका मटार सोलायच्या. काकूंच्या पर्समध्ये एका कप्प्यात फ्लॉपी आणि दुसऱ्या कप्प्यात सोललेले मटार असायचे, आणि दोन्ही त्या तितक्याच काळजीने काढून टेबलावर ठेवायच्या.

ऑफिसात सगळे त्यांना मॅडम म्हणत. मीही म्हणायचो. एकदा रविवारी जेवायला बोलावलं, आमटी-भात वाढला आणि म्हणाल्या, “घरी आलास ना? आता मॅडम बंद.” तेव्हापासून काकू.

मुलं मोठी झाल्यावर त्यांनी कॉलनीतल्या एका क्लासमध्ये संगणक शिकायला घेतला. वर्गातल्या बाकीच्या जणी पुढे पडद्यावर रंगीत फुलं काढायला लागल्या. काकू मात्र पहिल्या धड्यातच रमल्या, तो काळ्या खिडकीत आज्ञा लिहायचा धडा. “मला ते काळंच बरं वाटतं,” म्हणायच्या. “त्यात आपण सांगू तेवढंच होतं. मधेच कुणी विचारत नाही, तुम्हाला अमुक हवंय का, तमुक हवंय का.”

त्यातूनच त्या बॅच फाईल करायला शिकल्या. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. नोटपॅडमध्ये एकाखाली एक आज्ञा लिहून ठेवायच्या आणि त्या फाईलवर दोनदा क्लिक करायचं. काळी खिडकी उघडते, आज्ञा सटासट चालतात, खिडकी मिटते. झालं काम. काकूंच्या फाईलची खिडकी मात्र मिटायची नाही. प्रत्येक फाईलच्या शेवटी त्या थांबायची आज्ञा घालायच्या. “न सांगता उठून जायची पद्धत आमच्याकडे नाही,” असं त्याचं कारण.

त्यांचं मुख्य काम होतं हजेरीचं. दारावर कार्ड लावायचं मशीन होतं. ते महिन्याच्या शेवटी एक अहवाल ओकायचं, हो, ओकायचंच, दुसरा शब्द नाही. कोड, नाव, आडनाव, हजेरीचे दिवस, रजेचे दिवस, सगळं एका ओळीत, मध्ये मनाला येईल तितकी मोकळी जागा. एका पानावर नाव पुढे, दुसऱ्या पानावर मागे. मुख्य कचेरीला हवा होता नीट रकान्यांचा तक्ता. ही मोकळी जागा ओळखून तिथे स्वल्पविराम टाकायचे, की तक्ता आपोआप मांडला जातो. काकूंची बॅच फाईल हे करायची.

“काकू, हे मी दोन दिवसांत चांगल्या प्रोग्रॅममध्ये लिहून देतो,” मी एकदा मोठ्या उत्साहाने म्हटलं.

“दे की. तोवर माझं चालू दे.”

ते दोन दिवस मला कधी सापडले नाहीत आणि काकूंनी आठवणही केली नाही. फक्त कुणी नवीन माणूस आला की ओळख करून द्यायच्या, “ये पूना वाला है, दो दिन में सब ठीक कर देगा.”

पहिल्यांदा त्यांनी ती फाईल लिहिली तेव्हा झालेली गंमत त्या स्वतःच रंगवून सांगायच्या. आपल्याकडे माणूस म्हटला की तीन नावं. स्वतःचं, वडिलांचं किंवा नवऱ्याचं, आणि आडनाव. गिरगावात वाढलेल्या बाईला यात विचारण्यासारखं काय आहे? त्यांनी कोडनंतरचे तीन शब्द नावाचे धरले आणि क्लिक केलं. अर्ध्या ऑफिसच्या वडिलांचं नाव कुमार निघालं. उरलेल्या अर्ध्यांना मधलं नावच नव्हतं, त्यांचं आडनाव मधे सरकलं आणि आडनावाच्या जागी हजेरी जाऊन बसली. मॅनेजरने तक्ता उघडला आणि ओरडला, “मैडम, मैं अरोरा का बेटा और पच्चीस खानदान का?” त्या दिवशी काकूंच्या डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसणं चाललं होतं. मग त्यांनी सगळ्या ऑफिसची नावं बघितली, सगळ्यांना आडनाव आहे अशी खात्री करून घेतली, ‘कुमार’ला पहिल्या नावाला चिकटवलं आणि फाईल दोन नावांची केली. त्यानंतर कधी तक्रार आली नाही.

मग ऑपरेटर मुली आल्या. आजूबाजूच्या गावांतल्या, ठेकेदाराने आणलेल्या, भराभर टाईप करणाऱ्या. आधी त्यांची हजेरी ठेकेदार हाताने लिहायचा. पुढे त्यांनाही गळ्यात घालायची कार्डं मिळाली आणि त्यांची नावं मशीनमध्ये गेली, पगार मात्र ठेकेदार आपल्या वहीवरूनच द्यायचा.

त्यांच्यात एक बिमला होती. ऑफिसपासून रिक्षाने जाता येईल अशा गावची सून, बारावी झालेली. टाईप करताना तिची मान वर व्हायची नाही. काकूंचं आणि तिचं डब्यावरून जमलं. काकूंनी थालीपीठ दिलं तर तिने ते उलटसुलट करून पाहिलं.

“मैडम जी, ये तो मेरी सास की मिस्सी रोटी है. बस बीच में छेद कर दिया.”

“छेद के पैसे लगते हैं,” काकू म्हणाल्या. तेव्हापासून रोज काहीतरी इकडून तिकडे जायचं.

त्या वर्षी कंपनीने ठरवलं की ज्या ऑपरेटरांची हजेरी चांगली आहे त्यांना ठेकेदाराकडून काढून कंपनीच्या नोकरीत घ्यायचं. मुलींच्या दृष्टीने ही केवढी मोठी गोष्ट होती हे तुम्हाला सांगायला नको. मुख्य कचेरीने हजेरीचे तक्ते पाहून नावं ठरवली, आणि एच.आर.ने सगळ्यांची तीन महिन्यांची हजेरी छापून कँटीनच्या फळ्यावर लावली. कोड, नाव, हजेरी. आडनावाचा रकाना कागदावर मावत नव्हता म्हणून वगळला होता.

त्यानंतर दोन-तीन दिवसांनी बिमला यायची बंद झाली.

काकूंना वाटलं, आजारी असेल. मग कँटीनमध्ये तिच्या गावच्या दुसऱ्या मुलीने सांगितलं ते असं. बिमलाचा दीर आमच्या कंपनीच्या गाड्यांपैकी एक गाडी चालवायचा. चहा प्यायला कँटीनमध्ये आला आणि त्याने फळ्यावरचा कागद वाचला. बिमला, हजेरी दोन. आधीच्या महिन्यात एक, त्याच्या आधी तीन. तो घरी गेला आणि म्हणाला, भाभी रोज सकाळी तयार होऊन निघते ती ऑफिसला तर जातच नाही.

“फिर जाती कहाँ थी?” नवऱ्याने विचारलं.

बिमला म्हणाली, रोज ऑफिसलाच जाते. कुणी ऐकून घेतलं नाही. कंपनीचा कागद खोटा कसा असेल? तिने त्याआधीच सुपरवायझरला विचारलं होतं, तो म्हणाला, ऊपर से आया है. आता ती घरात होती आणि तिला माहेरी पाठवायचं बोलणं चाललं होतं.

काकू ताटावरून उठल्या. मी मागोमाग गेलो. त्यांनी मशीनचा अहवाल उघडला, शेजारी आपला तक्ता उघडला आणि बिमलाची ओळ शोधली. पट्टी लावायची गरजच नव्हती. तक्त्यात आडनावाच्या रकान्यात सव्वीस लिहिलं होतं. बिमला सव्वीस. खाली रेखा पंचवीस. त्याखाली कमलेश चोवीस. या मुलींना आडनावच नव्हतं. त्या एकाच नावाने जन्मल्या, एकाच नावाने शाळेत गेल्या आणि एकाच नावाने कामाला आल्या. काकूंची फाईल दुसऱ्या नावाची वाट बघत होती, तिला हजेरी मिळाली, तिने तीच आडनाव म्हणून ठेवून घेतली. मग रजेचे दिवस हजेरीच्या जागी सरकले. जी मुलगी सगळ्यात कमी रजा घेणारी, तीच सगळ्यात गैरहजर ठरली.

काकू त्या तिन्ही ओळी पुन्हा पुन्हा वाचत राहिल्या. एकदाही ‘मेल्या’ म्हणाल्या नाहीत. मला त्यांच्याकडे बघवेना.

मॅनेजर भला माणूस होता. त्याने दार लावून घेतलं आणि म्हणाला, “मैडम, चिंता मत करो. लिख देते हैं सिस्टम एरर. मशीन वाले पर डाल दो, बात खतम.”

“मशीन ने बराबर दिया था. फाईल मेरी है.”

“मैडम, आपके कॉन्फिडेन्शियल रिपोर्ट में जाएगा यार.”

“जाने दो.”

त्यांनी मुख्य कचेरीला चार ओळींची मेल लिहिली. चूक माझ्या फाईलची आहे, नीट तक्ता जोडला आहे, या मुलींचा पुन्हा विचार करावा. इंग्रजी तपासायला मला दिली. मी एक ‘दुर्दैवाने’ घातला होता, तो त्यांनी काढून टाकला. त्या वर्षी त्यांची पगारवाढ अडली, हे मला पुढे मॅनेजरकडून कळलं. मुली मात्र सगळ्या नोकरीत घेतल्या गेल्या. बिमलाचंही पत्र निघालं, पण ते घ्यायला बिमला नव्हती.

“रविवारी मोकळा आहेस?” काकूंनी विचारलं. “माझ्याबरोबर चल. एकटीला धीर होत नाही.”

असं काही त्या कधी बोलल्या नव्हत्या, म्हणून मी लगेच हो म्हटलं.

गाव म्हणजे आमच्याच इमारतींच्या पाठीमागचा भाग. खिडकीतून दिसायचं, पण तिथे कोण राहतं याचा विचार आमच्यापैकी कुणी केला नव्हता. पक्की घरं, नवीन संगमरवर, दारात ट्रॅक्टर आणि मोटार शेजारी शेजारी. शेत विकलेलं होतं, म्हशी ठेवल्या होत्या. अंगणात खाटेवर बिमलाचा सासरा हुक्का घेऊन बसला होता. नवरा खांबाला टेकून उभा, दीर जरा लांब. स्वयंपाकघराच्या दारात हनुवटीपर्यंत पदर ओढलेली एक बाई उभी होती. ती बिमला आहे हे मला पायांतल्या त्या ऑफिसच्या चपलांवरून कळलं.

“आओ मैडम जी, बैठो,” म्हातारा म्हणाला. “पाणी ल्याओ रै.”

काकूंनी पाणी घेतलं आणि सरळ सांगून टाकलं. “बिमला रोज दफ्तर आती थी. कागज गलत था. गलती मेरी थी.”

दिराने मान वळवली. मग नवरा म्हणाला, “मैडम, कंप्यूटर का कागज था.”

“हाँ जी. कंप्यूटर को जो मैंने सिखाया, वही उसने किया.”

“कंप्यूटर गलती कैसे करेगा?”

इथे मी पुढे झालो आणि मोकळ्या जागा, रकाने असलं काहीतरी हिंदीत समजावू लागलो. माझं मलाच कळेना. काकूंनी मला हाताने गप्प केलं. तेवढ्यात पितळी थाळीत चहाचे ग्लास आले. काकूंनी ती थाळी खाली ठेवायला सांगितली, स्वतः जमिनीवर बसल्या आणि पाच ग्लास एका रांगेत मांडले. तिसऱ्या ग्लासातला चहा त्यांनी चौथ्यात ओतला आणि तो रिकामा ठेवला.

“ताऊजी, देखिए. पहला ग्लास नंबर. दूसरा नाम, बिमला. तीसरा गोत, मतलब सरनेम, जो बिमला ने लिखवाया नहीं, तो खाली. चौथा, कितने दिन आई. देखो, कितना भरा है. पाँचवाँ, कितने दिन छुट्टी की.” पाचव्यातला चहा त्यांनी तळाशी घोटभर उरेल इतका थाळीत सांडला. “अब मेरी फाईल खाली ग्लास को ग्लास ही नहीं मानती. उठाके फेंक देती है.” त्यांनी रिकामा ग्लास उचलून बाजूला ठेवला आणि मागचे दोन्ही पुढे सरकवले. “दफ्तर ने कहा, चौथा ग्लास लाओ, देखें बिमला कितने दिन आई. अब चौथा कौन सा है?”

म्हातारा हुक्का सोडून वाकला. घोटभर चहाच्या ग्लासाकडे त्याने बोट दाखवलं.

“यो तो छुट्टी आळा है.”

“हाँ जी. बस यही हुआ.”

“तो न्यूँ कहो ना. बीच का उठ लिया, पिछला सरक लिया.” त्याने मुलाकडे पाहिलं. “सुण लिया? बहू तो जावै थी.” मग त्याने तो भरलेला ग्लास उचलला. “यो हाजरी म्हारी,” म्हणाला आणि पिऊन टाकला.

सगळे हसले. दीरसुद्धा हसला. नवरा हसला नाही, पण खांब सोडून खाटेवर येऊन बसला. म्हाताऱ्याने काकूंना विचारलं, “गलती थारी थी, अर बतावण भी थम आई?” काकू म्हणाल्या, “हाँ जी.” त्यावर तो पुन्हा पुन्हा मान हलवत राहिला. त्यांनी आम्हाला जेवल्याशिवाय सोडलं नाही. बाजरीची रोटी, लोणी आणि गूळ. मला वाटलं, संपलं सगळं, छान झालं. काकूंच्या चेहऱ्यावरही बऱ्याच दिवसांनी रंग आला होता.

निघालो तेव्हा बिमला आम्हाला दाराबाहेर सोडायला आली. गल्लीच्या वळणावर तिने पदर मागे घेतला.

“मैडम जी, इनको तो आपने समझा दिया,” ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. “मैं तो पहले दिन से कह रही थी कि रोज जाती हूँ. किसी ने मानी? कागज की मानी, फिर आपकी मानी.”

काकू काही बोलायच्या आत ती पुढे म्हणाली, “और आप भी मैडम जी. रोज साथ में रोटी खाई. दो दिन की हाजरी लिख के भेज दी, एक बार पूछ लेतीं मुझसे.”

तुम्ही म्हणाल, तक्त्यात इतकी नावं, काकूंनी बिमलाची ओळ पाहिलीही नसेल. खरं आहे, पाहिली नव्हती. मी तेच सांगायला तोंड उघडलं होतं. पण काकू म्हणाल्या, “नहीं पूछा. पूछना चाहिए था.” आणि त्यांनी बिमलासमोर हात जोडले. बिमलाने घाईघाईने ते हात धरून खाली केले. मग बिमलाने पदर पुढे ओढला आणि ती आत गेली.

रिक्षात काकू रडल्या. मी शेजारी बसलो होतो, काय करावं ते सुचत नव्हतं, खिशातला रुमाल दिला तर तो धुळीने माखलेला. त्यांनी तो बघितला, तशाच रडता रडता म्हणाल्या, “शी, धुतोस की नाही?” आणि आपल्या पदराने डोळे पुसले. बऱ्याच वेळाने म्हणाल्या, “बरोबर बोलली रे ती.”

सोमवारी बिमला आली नाही. मंगळवारीही नाही. काकूंनी डबा उघडलाच नाही. बुधवारी ती आली, गळ्यात कार्ड, मान खाली, येऊन जागेवर बसली आणि टाईप करू लागली. थोड्या वेळाने खालून गेटवरच्या गार्डचा फोन आला. बिमलाचा नवरा उभा होता. आत येऊन बघायचं म्हणत होता, बायको कुठे बसते, काय करते. पास कुणाच्या नावाने करायचा?

मॅनेजर म्हणाला, “बुला लो मैडम, एक बार देख लेगा तो तसल्ली हो जाएगी.”

काकू खाली गेल्या. मी जिन्यावरून ऐकत होतो.

“पास नहीं बनेगा,” त्या म्हणाल्या. “जो जानना है, शाम को बिमला से पूछ लेना. जो वो बताए, वही सही है.”

तो काही वेळ गेटबाहेर मोटारसायकलवर बसून राहिला. गार्डने त्याला चहा विचारला, त्याने नको म्हटलं. मग किक मारून निघून गेला. संध्याकाळी त्याने विचारलं की नाही ते ठाऊक नाही. बिमला दुसऱ्या दिवशी आली, आणि त्यानंतर येत राहिली.

एच.आर.ने एक सोपा उपाय काढला होता. ज्या मुलींना आडनाव नाही त्यांच्या नावापुढे सरसकट ‘देवी’ लावून टाकायचं. काकू ऐकेनात. “नाम उनका है, फाईल मेरी है. फाईल बदलूँगी.” दोन दिवस खपून त्यांनी ती बदलली. दुसऱ्या नावाच्या जागी आकडा दिसला की फाईल तिथे एक आडवी रेघ ठेवायची, मग मागचं काही पुढे सरकायचं नाही. रेघ बरोबर पडली की नाही हे त्यांनी माझ्याकडून तीनदा तपासून घेतलं. मी तीनदा तपासलं. बरोबर होतं.

पण खरा बदल वेगळाच होता. त्यानंतर दर महिन्याला तक्ता मुख्य कचेरीला जायच्या आधी काकू छापील कागद हातात घेऊन ऑपरेटर मुलींच्या हॉलमध्ये जायच्या. एकेकीच्या खुर्चीपाशी थांबायच्या. कागद मिटलेला, हातात खाली. आधी विचारायच्या, “कितने दिन आई?” मुलगी सांगायची. मग कागद उघडायच्या. जुळलं नाही तर मुलीला काही म्हणायच्या नाहीत, आपल्या टेबलाशी जाऊन मशीनचा अहवाल पहिल्यापासून बघत बसायच्या. एकदा दोनदा मुलीच चुकल्या होत्या. तेव्हा परत जाऊन त्यांना सांगून यायच्या. या सगळ्यात अर्धा दिवस जायचा. मॅनेजर हात वर करायचा, “मैडम, यह तो कंप्यूटर करता है ना?” काकू म्हणायच्या, “करता है, करने दो. मैं पूछ के आती हूँ.”

मुलींना आधी गंमत वाटायची. मग सवय झाली. तक्त्याच्या दिवशी दिवस मोजून तयार असायच्या. बिमला सगळ्यात शेवटच्या रांगेत बसायची. तिच्यापाशी पोचेपर्यंत काकू दमलेल्या असायच्या, मग तिथेच स्टूल ओढून बसायच्या आणि दोघी चहा घ्यायच्या.

पुढे काका निवृत्त झाले. मयूर विहारचा फ्लॅट विकून दोघं ठाण्याला गेली. काकूंच्या निरोपाला समोसे आणले होते, मॅनेजरने भाषण केलं, आणि काकूंनी माझ्याकडे बोट दाखवून “दो दिन वाला” म्हणून सगळ्यांना हसवलं. त्यानंतर मोठं सॉफ्टवेअर आलं. आता मशीनमधून आकडे आपोआप मुख्य कचेरीत जातात, मध्ये तक्ताही नाही आणि फाईलही नाही. कंपनीची इमारत बदलली. मीही मोठा झालो, म्हणजे केबिन मिळाली. बिमला आता ऑपरेटरांची प्रमुख आहे. गाव अजून तिथेच आहे, चारी बाजूंनी मनोरे झालेत.

गेल्या थंडीत काकूंच्या मुलीचा फोन आला. दिल्लीत वाढलेली मुलगी, तिचं मराठी अडखळतं. “दादा, आई... आई नाही राहिली,” ती म्हणाली. पहाटे झोपेतच गेल्या होत्या. तिला आणखी काहीतरी सांगायचं होतं, शब्द मिळत नव्हते. मग ती हिंदीत रडली.

मला केबिनमध्ये बसवेना म्हणून हॉलमध्ये गेलो. बिमलाला सांगायला हवं होतं. ती शेवटच्या रांगेत एका नवीन मुलीला काहीतरी दाखवत उभी होती. मी तिला बाजूला बोलावलं आणि सांगितलं. ती तिथल्या खुर्चीत बसली. रडली नाही. बराच वेळ पडद्याकडे बघत राहिली. त्यावर काहीच नव्हतं.

“आज महीने का आखिरी दिन है,” मग ती म्हणाली. “मैडम जी के जाने के बाद किसी ने पूछा नहीं. मैं फिर भी गिन के रखती हूँ.”

हॉलमध्ये चाळीसेक जण टाईप करत होते. माझ्या हातात कागद नव्हता, मला तिचा आकडा ठाऊक नव्हता, आणि तो कुठेतरी आपोआप जाऊनही पोचला असणार. मी शेजारचं स्टूल ओढलं आणि बसलो.

“कितने दिन आईं?” मी विचारलं.

“सब दिन,” बिमला म्हणाली, आणि मग तिला रडू आलं.